व्हँकुव्हर : पाण्याच्या काठाकाठानं

मंडळी, भारतातून आईवडील आले की आपण त्यांना पहिल्यांदा कुठं नेतो? अर्थातच नायगाराला! टोरांटोच्या आसपासच्या एकाही मराठी घरात, धबधब्यापुढं निळा रेनकोट घालून काढलेला आजी-आजोबांचा फोटो नाही, असं व्हायचं नाही. मग येतात थाउजंड आयलंड्स, ओटावा, मॉन्ट्रियल आणि हौस असेल तर क्विबेक सिटी. हे सगळं पहिल्या खेपेत उरकतं. दुसऱ्या खेपेला मात्र प्रश्न पडतो, की आता यांना दाखवायचं काय?

माझं उत्तर आहे व्हँकुव्हर. टोरांटोहून विमानानं साधारण पाच तास. तिथं उतरलं की घड्याळ तीन तास मागे करायचं. एका नजरेत समुद्र आणि डोंगर हे वर्णन आपल्या कोकणालाही लागू पडतं. पण इथल्या डोंगरांच्या डोक्यावर मे महिन्यातही बर्फ असतं आणि पायथ्याशी लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझे आईबाबा, पाच दिवस तिथं राहून आलो. त्यानंतर मंडळातल्या बऱ्याच जणांनी 'काय काय पाहिलंत, कसं केलंत' असं फोनवर विचारलं. म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

सुरुवातीलाच एक मत सांगून टाकतो. 'तीन दिवसांत पंधरा स्थळं' अशा थाटाच्या सहलीत हे गाव पाहू नये. हे पाण्याच्या काठाकाठानं, शक्यतो पायी आणि सावकाश बघायचं गाव आहे. दुसरं असं की त्याच काठावर आपल्या, म्हणजे भारतातून आलेल्या माणसांच्या इतिहासातल्या दोन जागा आहेत. सहलीच्या बसमधून त्या सहसा कुणी दाखवत नाही. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्या दोन जागांसाठी वेळ काढाच. बाकीचं सौंदर्य कुठं पळून जात नाही!

कधी जावं, कसं फिरावं

जुलै आणि ऑगस्ट हे तिथले कोरडे महिने. दिवसा बावीस-तेवीस अंश, आणि जूनच्या शेवटी रात्री नऊनंतरही उजेड. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मुंबईसारखा कोसळणारा नव्हे. दिवसभर रिपरिप चालू आणि ढग खाली उतरलेले, त्यामुळं डोंगर आहेत की नाहीत तेही कळत नाही. अलीकडच्या काही वर्षांत ऑगस्टमध्ये जंगलातल्या वणव्यांचा धूर शहरावर येतो. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा जुलैचा पूर्वार्ध बरा.

गाडी भाड्यानं घ्यायची घाई करू नका. विमानतळावरून कॅनडा लाइन नावाची गाडी (ही २००९ साली सुरू झाली) अर्ध्या तासाच्या आत थेट बंदरापाशी, वॉटरफ्रंट स्टेशनला आणून सोडते. विमानतळावरून निघताना तिकिटावर पाच डॉलर जादा पडतात, तरी टॅक्सीपेक्षा ती स्वस्तच. या गाड्यांना चालक नसतो! पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेपाशी जागा मिळाली तर मुलांना, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या इंजिनियरलाही, ती राइडच वाटते. एक तिकीट नव्वद मिनिटं चालतं आणि त्यावर बस, स्कायट्रेन, पलीकडे जाणारी सीबस असं सगळं करता येतं. हॉटेल मात्र डाउनटाउनमध्येच घ्या. चार पैसे जास्त जातील, पण दुपारी आईबाबांना दोन तास पाठ टेकायला परत येता येतं. ही सोय कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाइतकीच मोलाची!

पहिला दिवस : बंदर

सुरुवात करायची कॅनडा प्लेसपासून. पांढऱ्या शिडांच्या आकाराचं छप्पर असलेली ही इमारत १९८६ सालच्या एक्स्पोसाठी बांधली. अलास्काला जाणारी भलीमोठी प्रवासी जहाजं इथंच लागतात. समोर बरार्ड इनलेटचं निळं पाणी, त्यावर उतरणारी-उडणारी छोटी समुद्री विमानं आणि पलीकडच्या काठावर नॉर्थ व्हँकुव्हरचे डोंगर. बरोबर बाराच्या ठोक्याला इथले भोंगे 'ओ कॅनडा'चे पहिले चार सूर वाजवतात. आवाज दणदणीत असतो. आजीला आधी कल्पना देऊन ठेवा.

इथून पाण्याला उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत निघालं की थोड्याच वेळात हार्बर ग्रीन पार्क लागतो. तिथं काठावर एक स्मारक आहे. बरेच लोक त्याच्या शेजारी उभं राहून डोंगरांचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा. हे 'कोमागाता मारू'चं स्मारक, २०१२ साली उभारलेलं.

२३ मे १९१४ रोजी ही जपानी बोट ३७६ प्रवासी घेऊन या बंदरात आली. बहुतेक पंजाबातले शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू. गुरदित सिंग यांनी ही बोट हाँगकाँगहून भाड्यानं आणली होती. हे सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग होता. तरी त्यांना उतरू दिलं नाही. कारण १९०८ सालचा एक नियम : आपल्या मूळ देशातून मध्ये कुठंही न बदलता, सलग प्रवास करून याल तरच प्रवेश. भारतातून कॅनडाला अशी थेट बोटच नव्हती. वर आशियातून येणाऱ्या प्रत्येकाजवळ दोनशे डॉलर हवेत, हा आणखी एक नियम. म्हणजे 'भारतीय नकोत' असं कुठंही न लिहिता दार बंद करायची पक्की व्यवस्था. डिझाइनच तसं होतं!

दोन महिने बोट किनाऱ्यासमोर नांगरून पडली. अन्नपाण्याचे हाल झाले. गावात आधीपासून असलेल्या आपल्या लोकांनी, लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या मजुरांनी, हजारो डॉलर जमवून बोटीचं भाडं भरलं आणि वकील दिला. एका रात्री पोलिसांनी भरलेली एक टगबोट 'कोमागाता मारू' ताब्यात घ्यायला गेली, तेव्हा प्रवाशांनी त्यांच्यावर कोळशाचा मारा करून त्यांना परत पाठवलं. शेवटी 'रेनबो' नावाची युद्धनौका आणून उभी केली आणि २३ जुलैला बोट परत फिरली. आधीपासून कॅनडात राहणारे काही जण आणि एका डॉक्टरचं कुटुंब, असे जेमतेम दोन डझन लोक उतरू शकले. सप्टेंबरच्या शेवटी बोट कलकत्त्याजवळ बजबजला पोचली, तेव्हा तिथं ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी पार्लमेंटमध्ये याबद्दल माफी मागितली. एकशे दोन वर्षांनी!

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. स्मारकापाशी उभं राहून त्यांनी माझ्या मुलीला विष्णु गणेश पिंगळे यांची गोष्ट सांगितली. पिंगळे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आले. ते राज्य इथून सरहद्द ओलांडली की लागतंच. तिथं ते गदर चळवळीत सामील झाले. 'कोमागाता मारू'ला परत पाठवल्याच्या संतापानं या किनाऱ्यावरचे कितीतरी भारतीय जे बोटी पकडून लढायला मायदेशी निघाले, त्यांत पिंगळेही होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. वय सत्तावीसच्या आसपास. मीही एम. एस. करायला म्हणूनच देश सोडला; आपल्यापैकी अनेकांची कहाणी तीच. शंभर वर्षांपूर्वी अशाच कारणानं या किनाऱ्यावर आलेला आपल्या पुणे जिल्ह्यातला एक मुलगा होता, हे मुलांना कळलं की 'हिस्टरी' ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट राहत नाही. मुलगी सातवीत आहे. तिनं एवढंच विचारलं, "आजोबा, तुम्हाला विमानतळावर किती वेळ थांबवलं होतं?" बाबा म्हणाले, "वीस मिनिटं. आणि त्या बाईंनी 'नमस्ते' केला."

दुसरा दिवस : स्टॅन्ली पार्क

याच काठानं पुढे गेलं की स्टॅन्ली पार्क. दमछाक नको म्हणून आम्ही त्याला वेगळा दिवस दिला. चारशे हेक्टरचं जंगल, तिन्ही बाजूंनी समुद्र आणि तेही शहराला लागून! १८८८ साली उद्यान म्हणून खुलं झालं. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचं हे नाव, हॉकीचा स्टॅन्ली कपही त्यांचाच. उद्यानाच्या कडेनं समुद्रालगत दगडी बांध घालून जो रस्ता केला आहे त्याला म्हणतात सीवॉल. वळसा जवळजवळ दहा किलोमीटरचा. काम १९१७ साली सुरू झालं. जेम्स कनिंगहॅम नावाच्या पाथरवटानं आयुष्याची बत्तीस वर्षं या बांधावर घालवली. पूर्ण फेरी जुळेपर्यंत १९७१ साल उजाडलं, ती पाहायला तो मात्र नव्हता.

तरुण मंडळींनी डेन्मन स्ट्रीटवर सायकली भाड्यानं घ्याव्यात. सायकलींना एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट फिरावं लागतं आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. डाउनटाउनमधून १९ नंबरची बस पार्कात जाते. गाडी असेल तर पार्कातल्या एकेरी रस्त्यानं जाऊन ठिकठिकाणी थांबता येतं. बाकं भरपूर आहेत, स्वच्छतागृहंही. आम्ही दोन तुकड्या केल्या : मुलं आणि आम्ही सायकलवर, आईबाबा आधी टोटेम खांबांपाशी आणि नंतर टॅक्सीनं सेकंड बीचवर.

ब्रॉक्टन पॉइंटला नऊ रंगीत टोटेम खांब आहेत. ते बघताना हेही ध्यानात ठेवावं, की पार्क होण्याआधी या जंगलात मूळ रहिवाशांची गावं होती. मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेवाटुथ लोकांची ही भूमी. पार्कातला रस्ता करताना त्यांच्या वस्तीतल्या शिंपल्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे ढीग खणून ते रस्त्यावर पसरले. जवळच एक तोफ आहे. १८१६ साली ओतलेली ही तोफ रोज रात्री नऊला उडते आणि गाव आपली घड्याळं लावतं.

पुढे लायन्स गेट पूल. बियरवाल्या गिनेस कुटुंबानं पलीकडच्या डोंगरावरच्या आपल्या जमिनींना भाव यावा म्हणून १९३८ साली बांधलेला हा झुलता पूल. इंजिनियर मंडळींसाठी एक खास माहिती : २०००-०१ साली या पुलाचा जुना रस्ता रात्रीच्या रात्री एकेक तुकडा कापून खाली उतरवला, त्या जागी नवा तुकडा वर चढवून बसवला आणि दिवसा वाहतूक चालू ठेवली. पुलाखाली उभं राहून मी हे बायकोला रंगवून सांगत होतो. ती म्हणाली, "तो सील बघ किती गोड आहे."

पुलापासून पुढचा पश्चिमेचा भाग सर्वांत सुंदर. डावीकडे उंच कडा, उजवीकडे उघडा समुद्र, मध्येच पाण्यातून वर आलेला सिवॉश रॉक आणि त्याच्या डोक्यावर चिकाटीनं वाढलेलं झाड. पूर्वी गेलेल्यांना जंगल थोडं विरळ वाटेल. २००६ च्या वादळात हजारो झाडं पडली, आणि अलीकडे एका किडीमुळं आणखी पुष्कळ झाडं काढावी लागली.

सेकंड बीचपाशी, सेपर्ली भागात, मुलांसाठी एक खेळाचं मैदान आहे. त्याच्या शेजारी एक बसकी, वळणदार भिंत आहे. ही आपली दुसरी जागा.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला निघालं होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटानं ते समुद्रात कोसळलं आणि सर्वच्या सर्व ३२९ माणसं गेली. शाळांना सुट्टी लागली म्हणून आजोळी निघालेली मुलं त्यांत किती तरी होती. बॉम्बची बॅग चढली होती ती व्हँकुव्हरच्या विमानतळावर. बॅग टोरांटोकडे गेली, बॅगेचा मालक विमानात चढलाच नाही. मी तेव्हा पुण्यात प्राथमिक शाळेत होतो, दूरदर्शनवरची ती दृश्यं अंधुक आठवतात. इथल्या जुन्या मंडळींना ती सकाळ वेगळ्या तऱ्हेनं आठवत असणार.

मेलेल्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरीही त्या वेळचे पंतप्रधान मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. २००५ साली खटल्यातले दोघे आरोपी निर्दोष सुटले. बॉम्बच्या कटात शिक्षा झाली ती एकाच माणसाला. ही भिंत उभी राहायला २००७ साल लागलं, आणि चौकशी आयोगाच्या अहवालानंतर सरकारनं कुटुंबीयांची माफी मागायला २०१०. पंचवीस वर्षं!

भिंतीवर मृतांची नावं कोरलेली आहेत. आई एकेका नावावरून बोट फिरवत चालली होती. एकाच आडनावाची चार-चार नावं ओळीनं आली की थांबायची. मागे मैदानात तिचा नातू घसरगुंडीवर ओरडत होता. मी त्याला गप्प करायला निघालो, तर आई म्हणाली, "खेळू दे. म्हणूनच इथं बांधलं असेल त्यांनी."

पहिल्या जागेत आपल्या माणसांना उतरू दिलं नाही. दुसऱ्या जागेतली माणसं उतरून, घरं बांधून, नागरिक होऊन राहिली होती. तरी ती 'आपली' आहेत हे देशाला समजायला फार उशीर झाला. या दोन जागांमध्ये अंतर आहे काही तासांच्या चालण्याचं. आज आपण या देशात जितक्या सहजपणे वावरतो, ती सहजता आपोआप आलेली नाही, हे मुलांना घरी सांगून पटत नाही. तिथं फार सांगावंच लागलं नाही.

संध्याकाळी तिथूनच चालत इंग्लिश बेला जा. पाण्याकाठी ओंडके टाकलेले असतात, त्यांना टेकून बसायचं आणि सूर्यास्त बघायचा. जवळच खदखदून हसणारे ब्राँझचे पुतळे आहेत. चौदा माणसं आणि चौदाही हसताहेत! दिवसभराचं मनावरचं ओझं तिथं उतरतं.

उरलेले दिवस

कॅपिलानोचा झुलता पूल प्रसिद्ध आहे. १८८९ साली एका स्कॉटिश इंजिनियरनं दोर आणि देवदाराच्या फळ्या वापरून पहिला पूल टांगला. आजचा १९५६ चा, सत्तर मीटर उंचीवर. पण पाच माणसांचं तिकीट दोनशे डॉलरच्या बरंच पुढे जातं. त्याऐवजी लिन कॅन्यनला जा. तिथंही दरीवर पन्नास मीटर उंच झुलता पूल आहे, १९१२ पासून, आणि तो फुकट! वॉटरफ्रंटवरून सीबसनं बारा मिनिटांत पलीकडे आणि तिथून बस. ही सीबस म्हणजे बसच्या तिकिटात नौकाविहार.

ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार (१९७९ पासून) पुलाखालच्या जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये भरतो. शाकाहारी मंडळींना फळं, पाव, चीज आणि सूप बिनधास्त. तिथं जायला फॉल्स क्रीकमधून खेळण्यासारख्या छोट्या होड्या आहेत.

व्हिक्टोरियासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. त्सावासनहून फेरी साधारण दीड तासात बेटांच्या मधून वाट काढत जाते. उन्हाळ्यात गाडी न्यायची असेल तर आरक्षण आधीच करा. बुचार्ट गार्डन्स म्हणजे सिमेंटसाठी खोदून संपलेली चुनखडीची खाण! मालकाच्या बायकोनं त्या खड्ड्यात बाग फुलवली. आईला परत निघवत नव्हतं.

आणि रॉस स्ट्रीटचा गुरुद्वारा. आर्थर एरिक्सन या नामवंत वास्तुशिल्पीनं आराखडा केलेली ही इमारत १९७० सालची. ज्या समाजानं १९१४ साली बोटीचं भाडं भरलं, त्याच समाजाची खालसा दिवाण सोसायटी हा गुरुद्वारा चालवते. डोकं झाकायचं, पादत्राणं काढायची, दर्शन घ्यायचं आणि लंगरमध्ये बसायचं. चार दिवस सँडविच खाल्लेल्या बाबांनी तिथं गरम पोळी आणि डाळ समोर आल्यावर जो नमस्कार केला, तो मी विसरणार नाही.

जाता जाता काही सूचना

आईबाबांचे पासपोर्ट विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, देशांतर्गत प्रवासालाही ओळखपत्र म्हणून लागतात. पाहुण्यांच्या आरोग्यविम्याचे कागद बरोबर हवेत, कारण आपल्या प्रांताचा आरोग्यविमा त्यांना लागू नसतो. सिएटल जवळ आहे म्हणून मोह होतो. पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि कॅनडात परत येण्यासाठी व्हिसा चालतो की नाही तेही आधी पाहावं लागतं. साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज, हाच तिथला राष्ट्रीय पोशाख समजा. संध्याकाळी समुद्रावरचा वारा बोचतो. तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात. चहाचा थर्मास विसरू नका. इंग्लिश बेवर सूर्यास्त होत असताना घरचा चहा प्यायला मिळाला, की आजी-आजोबा पुढल्या खेपेचं आपणहून विचारतात.

जमलं तर २३ जूनच्या आसपास जा. दिवस मोठा असतो, हवा छान असते, आणि त्या भिंतीपाशी ठेवायला चार फुलं बरोबर नेता येतात.